कुंकू राहू द्या, बी घ्या

सुभद्रामावशी डोळे कोपरानं पुसायच्या. कपाळावर आलेले केस मनगटाच्या उलट्या बाजूनं मागं सारायच्या, नाकाला खाज आली तर खांद्यावर नाक घासायच्या. हाताला मिरची लागलेली असो वा नसो. भांडी आवरून, साबणानं हात धुऊन टीव्हीसमोर बसल्या तरी डोळ्यात काही गेलं की कोपरच वर यायचं. शिकायला अमेरिकेत आल्यावर शिकागोजवळ शॉमबर्गला त्यांच्या मुलाच्या, विनयच्या घरी तळघरातली खोली भाड्यानं घेऊन मी राहायला गेले, त्या पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, यांच्या हातांना काहीतरी झालंय. विचारलं तर म्हणाल्या, "सातऱ्यावरची सवय आहे."

भिवापूरच्या बाजूला लाल मिरची उन्हात पसरून ठेवतात आणि बायका रांगेनं बसून तिचे देठ तोडतात. त्या आवाराला सातरा म्हणतात. मावशी दहाव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत तिथं बसल्या. पुढं शिकून नर्स झाल्या, तीस वर्षं गावोगावच्या आरोग्य केंद्रांत बाळंतपणं केली, नवरा गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर मुलाकडे अमेरिकेत आल्या. पण हात चेहऱ्याकडे न्यायचा नसतो हे शरीराला जे कळलं, ते कळलं.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील नागपुरात छापखान्यात होते आणि शहरातल्या सगळ्या संपांची, सभांची पत्रकं आमच्या घरून जायची. आमच्याकडे पोळीखाली कागद पसरला तरी त्यावर मागण्या असायच्या. तेव्हा सातरा हा शब्द कानावर पडल्याबरोबर मी वही घेऊन बसले. दहा वर्षांची मुलगी, कोवळे हात, जळजळणारी मिरची. मला माझं पुढचं पत्रक दिसत होतं. मी विचारलं, "मावशी, किती तास बसवायचे?"

त्यांनी नीट सांगितलं. पहाटे जायचं, ऊन उतरेपर्यंत बसायचं. पहिले आठ दिवस रात्री ताकाच्या भांड्यात हात बुडवून झोपायचं, मग कातडी सरावते. मी भराभर लिहीत होते. मग त्या म्हणाल्या, शेजारी गोदाबाई नावाची बाई बसायची, ती झोपेत देठ तोडायची. खरंच झोपेत. घोरायची, पण बोटं थांबायची नाहीत. मुकादम आला की बाकीच्या बायका तिच्या घोरण्याच्या तालावर गाणं म्हणायच्या, म्हणजे त्याला वाटावं सगळ्याच गातायत.

मी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं.

"हे काहून नाही लिहिलं?"

मी म्हटलं, विषय शोषणाचा आहे.

"लिही ना शोषण. होतंच. पण गोदाबाईले बी लिही. नाहीतर कोणाचं शोषण झालं, ते कसं समजणार?"

ते पत्रक मी कधी लिहिलं नाही. मला तेव्हा फार राग आला होता.

मावशींच्या घरची मिरची भिवापुरी. त्यांच्या आईनं दरवर्षी बी राखलेलं, आईनंतर वहिनीनं. इकडे येताना वहिनीनं वाळलेल्या अख्ख्या मिरच्यांची एक पिशवी सोबत दिली होती. पुढच्या वर्षी वहिनी गेली आणि शेतात भावाच्या मुलांनी संकरित बियाणं लावलं. म्हणजे घरचं म्हणावं असं जे बी उरलं, ते शॉमबर्गच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटात होतं. ते ज्या कुणी बाईनं पहिल्यांदा राखलं तिचं नाव मावशींनाही ठाऊक नव्हतं. पण ते आपल्या हातून संपू नये, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. बाकी अमेरिकेकडून त्यांचं काही मागणं नव्हतं.

अमेरिका मात्र तेवढंच देईना. पहिल्या वर्षी मावशींनी भिवापूरच्या अंदाजानं जूनमध्ये बी टाकलं. ऑक्टोबरात झाडांना फुलं आली आणि लगेच हिव पडलं, एका रात्रीत झाडं गेली. तेव्हा त्यांनी नर्सची बुद्धी वापरली. बाळंतपणाची तारीख काढतात तसा हिशेब मांडला, फक्त उलटा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिव, त्याआधी मिरची लाल व्हायला हवी, त्याआधी हिरवी भरायला हवी, त्याआधी फूल, त्याआधी रोप. मोजत मोजत त्या फेब्रुवारीत पोचल्या. बाहेर गुडघाभर बर्फ. म्हणाल्या, "म्हणजे रथसप्तमी. सूर्याचाच दिवस आहे. त्यालेच सांगू."

तेव्हापासून रथसप्तमीला बी भिजायचं. तळघरात माझ्या खोलीबाहेर एका जुन्या टेबलावर दह्याचे रिकामे डबे, खाली भोकं पाडलेले. वर साखळीनं टांगलेल्या दोन ट्यूबलाइट. रोप दोन बोटं वाढलं की ट्यूबलाइट साखळीच्या दोन कड्यांनी वर. एक लहान पंखा, रोपांना वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. आणि प्रत्येक डब्याला एक कार्ड, लसीकरणाच्या कार्डासारखं. त्यावर उगवल्याची तारीख, पानांची जोडी, आणि शेरा. 'मान बारीक.' 'वजन कमी, लक्ष ठेवणे.' एका कार्डावर नुसतंच 'रडकं' असं लिहिलेलं मी वाचलं आहे.

मी गेले त्या हिवाळ्यात संक्रांतीनंतर मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, एका शाळेच्या कॅफेटेरियात. मावशींची सून रश्मी दरवर्षी जायची. मावशी जात नसत. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं, 'या' असंही म्हटलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस बसून मी पत्रक लिहिलं. विधवांना बाहेर ठेवणारा सण सात समुद्र ओलांडून आणलात, लाज कशी ओलांडता आली नाही, वगैरे. विद्यापीठाच्या प्रिंटरवर दोनशे प्रती काढल्या. मावशींनी एक हातात घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली, बोटांनी कागद चोळून पाहिला.

"कागद चांगला आहे. चाळीस-पन्नास दे मले. मी वाटते."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. चळवळीत माणूस मिळालं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दारात उभी राहून पत्रकं दिली. बायकांनी सभ्यपणे घेतली, काहींनी 'छान हं' म्हटलं, आणि अर्ध्या तासात ती चहाच्या कपांखाली गेली. तेवढ्यात रश्मीच्या गाडीतून मावशी उतरल्या. इरकल साडी, वर विनयचं जाड जॅकेट, हातात किराणा दुकानाची पिशवी. दारापाशी सबनीसकाकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. मावशींच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून काकूंचा हात तबकातच थबकला. पुढं नेववेना, मागं घेववेना. मी पुढं सरसावले, माझं भाषण तयार होतं.

मावशी म्हणाल्या, "कुंकू राहू द्या. बी घ्या."

आणि पिशवीतून एक पुडी काढून समोर धरली. कागदाची घट्ट दुमडलेली पुडी, दवाखान्यात गोळ्या द्यायच्या तशी. सबनीसकाकूंनी तबक खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी पुडी घेतली. मग मावशी आत जाऊन एका टेबलाशी बसल्या आणि ज्या येतील त्यांना सांगत राहिल्या, भिवापुरी आहे, रथसप्तमीला भिजवा, जूनची वाट पाहू नका, मी फसले. बायकांची रांग लागली. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे मिळणार होते, त्याकडे कुणी फिरकेना.

एक पुडी मी उचलली. वरच्या घडीवर माझंच वाक्य होतं, अर्धं. 'लाज कशी ओलांडता'. मावशींनी शब्द दिल्याप्रमाणे पत्रकं वाटली होती.

परतताना गाडीत मी रुसून बसले होते. त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं बाई, मी वाचलं ना. पण त्यात काही बांधलेलं नव्हतं." एवढं बोलून झोपी गेल्या. पुढच्या संक्रांतीला मंडळाच्या आमंत्रणात 'सर्व स्त्रियांना' असा शब्द होता. तो कशामुळे आला यावर मी अजून वाद घालू शकते.

त्या वर्षीची रोपं लाडानं मेली. मावशींनीच हा शब्द वापरला. बर्फ पाहून त्यांना रोपांची दया यायची आणि त्या सारखं पाणी घालायच्या. एका सकाळी सगळी मानेत वाकून पडली होती. मार्चअखेर दुसऱ्यांदा बी टाकलं, ते उशिरा वाढलं, आणि ऑक्टोबरात हिव पडलं तेव्हा झाडं हिरव्या मिरच्यांनी लगडलेली होती. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळी. हिरव्या मिरचीचं बी उगवत नाही. मावशींनी दोन टोपल्या मिरच्या तोडल्या आणि दहा वाजेपर्यंत सगळ्यांचा ठेचा करून टाकला. घरभर ठसका. विनय ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खोकत होता. मी म्हटलं, मावशी, वाईट वाटतं का. त्या म्हणाल्या, "भाकरी थापू का ज्वारीची?"

एका औषधाच्या बाटलीत तीसेक बिया उरल्या होत्या. पुढच्या रथसप्तमीला त्याच भिजल्या. आणि त्या मी मारल्या.

आपल्या लोकांच्या घरी अमेरिकेत ओव्हन हे कपाट असतं. त्यात कढया राहतात, आणि थंडीत आतला दिवा लावून दह्याचं विरजण राहतं. शॉमबर्गच्या त्या घरातही तसंच होतं. मावशींना ते फार आवडलं होतं. बरोबर बाळाला लागते तेवढी ऊब, म्हणायच्या. म्हणून ओल्या फडक्यातल्या बिया स्टीलच्या छोट्या डबीत घालून त्यांनी ओव्हनच्या खालच्या जाळीवर, कढईच्या मागे ठेवल्या. मी दुपारी शिकागोहून ट्रेननं भुकेली आले. घरचा नियम होता, ओव्हन लावण्याआधी विरजण बघायचं. मी बघितलं. विरजण नव्हतं. कढया बाहेर काढायचा कंटाळा केला, वरच्या जाळीवर जागा होती. चारशे पंचवीस फॅरनहाइटवर पिझ्झा लावला आणि खाली जाऊन पुस्तक उघडलं.

थोड्या वेळानं कुणीतरी खमंग फोडणी दिल्यासारखा वास आला. मी वर धावले तेव्हा मावशी ओव्हनसमोर उभ्या होत्या. डबी चिमट्यानं बाहेर काढलेली. फडकं तपकिरी झालं होतं. त्यांनी फुंकर मारून एक बी उचलली, दाताखाली धरली, चावली.

"चांगली भाजली," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुझा पिझ्झा थंडा होईल. खाऊन घे."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्या तळघरात आल्या नाहीत. दह्याचे डबे माती भरून ओळीनं मांडलेले, कार्डं कोरी, वरची ट्यूबलाइट चालू. रात्रीच्या जेवणाला त्यांनी आमटी वाढली आणि मीठ घालायला विसरल्या. रश्मीनं हळूच मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन करायला सुरुवात केली. हळदीकुंकवाला वाटलेल्या त्या चाळीसेक पुड्या. रश्मीच्या फोनवर मंडळाच्या बायकांचा ग्रुप होता, त्यावरून नंबर घेतले. एकीची पुडी पर्सबरोबर गेली होती. एकीनं एप्रिलमध्ये अंगणात टाकली, त्यावर बर्फ पडलं. एकीच्या आईनं ती फोडणीत घातली आणि चवीचं कौतुक केलं. बऱ्याच जणी म्हणाल्या, अय्या, कुठं ठेवली गं, बघते हं, आणि खरंच बघितलं असणार, पण सापडली नाही. चार दिवस मी हेच करत होते. मावशींना सांगितलं नव्हतं.

सबनीसकाकूंना मी शेवटी फोन केला, कारण मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. माझं अख्खं पत्रक त्यांच्यासारख्यांवरच होतं. त्या म्हणाल्या, "आहे ना. देव्हाऱ्यात आहे. वाण कुठं टाकतात का?"

मी बसनं गेले, उरलेलं चालले. काकूंनी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णामागून पुडी काढली. कडांवर थोडं कुंकू लागलं होतं. उघडलीच नव्हती त्यांनी. आजवर मी हजारो पत्रकं वाटली असतील. त्यातलं एक तरी कुणी वर्षभर जपून ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुडीत सहा बिया होत्या. मावशींनी त्या तळहातावर घेतल्या, एकेक उलटून पाहिली, आणि दुसऱ्या हाताचं कोपर डोळ्यांकडे गेलं. मग एकदम कामाला लागल्या.

"आता ओव्हन नाही, काही नाही. कांगारू."

आरोग्य केंद्रात कमी वजनाचं बाळ आलं की त्या ते कांगारूच्या पिल्लासारखं आईच्या छातीशी उघड्या अंगाला बांधायच्या. त्यांनी ओल्या फडक्यात बिया गुंडाळल्या, वर प्लास्टिकची पिशवी, आणि ती पुरचुंडी पोटाशी साडीच्या निऱ्यांत खोचली. वर दोन स्वेटर. नऊ दिवस ती तिथं होती. किराणा आणायला गेल्या तेव्हा, डॉक्टरकडे रक्तदाब तपासायला गेल्या तेव्हा, झोपेतसुद्धा. विनय म्हणाला, "आई, डॉक्टरनं विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?" त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं, नववा दिवस आहे."

नवव्या दिवशी चार बियांना पांढरे मोड आले. दोन रुजल्या नाहीत. कार्डं चारच भरली गेली.

पाणी घालायचं काम या वेळी त्यांनी मला दिलं. म्हणाल्या, तुझा काही जीव नाही त्यांच्यावर, तू बरोबर मापात घालशील. ते खरं नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. त्या सकाळ-संध्याकाळ रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवायच्या, हलका, बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा. मानेत जोर येतो म्हणे. मे महिन्यात डब्यांना घराबाहेर नेणं सुरू झालं. पहिल्या दिवशी अर्धा तास, सावलीत. दुसऱ्या दिवशी तास. मावशी शेजारी खुर्ची टाकून बसायच्या, जॅकेट घालून. वारा वाढला की चौघींना उचलून आत. शेजारची गोरी बाई कुंपणावरून विचारायची, आज किती वेळ? मावशी बोटं दाखवायच्या. दोघींचं एवढंच बोलणं होतं आणि ते रोज होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपं जमिनीत गेली. जुलैत फुलं, ऑगस्टात मिरच्या. सप्टेंबरच्या शेवटी त्यातली एक बुडापाशी तांबूस झाली. मावशींनी रश्मीला, मला, विनयला ती स्वतंत्रपणे नेऊन दाखवली, जणू बाकीच्यांना माहीत नाही.

पण बाकीच्या हिरव्याच. ऑक्टोबरात एका दुपारी फोनवर हवामानाची सूचना आली, रात्री हिव. मला वाटलं, पुन्हा ठेचा. मावशींनी फावडं मागितलं. चारही झाडं मुळांसकट उपटली, माती झटकली आणि गॅरेजच्या छताला दोरीनं उलटी टांगली. अंगात रस आहे तोवर झाड फळाला पाजत राहतं, म्हणाल्या. बाळंतिणीचं पाहिलंय मी. गॅरेजमधली विनयची गाडी बाहेर गेली आणि ती थंडीभर बाहेरच राहणार होती. तो दोरी धरून उभा होता.

त्यानंतर रोज दुपारी मावशी गॅरेजमध्ये जाऊन वर पाहायच्या. पोपटी, मग चॉकलेटी, मग लाल. एका झाडापासून दुसऱ्याकडे लाली सरकत गेली, आणि महिनाअखेर सगळं गॅरेज खालून पाहिलं की लाल होतं.

मला तेव्हा ॲरिझोनात चँडलरला नोकरी लागली होती. निघायच्या दिवशी मावशींनी पुडी दिली. या वेळी कागद कोरा होता. म्हणाल्या, "तिकडं थंडीच नसते म्हणे. मंग मी तुले दोन वर्षं शिकवलं काय?" मी म्हटलं, पत्रक लिहून देते, त्यात बांधा. त्या म्हणाल्या, "लिही. पण गोदाबाईले घालशील."

विमानतळाची टॅक्सी आली तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. आत मावशी उलट्या बादलीवर बसल्या होत्या, विनयचं जॅकेट घालून, मांडीवर सूप. डोक्यावर लाल झाडं लटकत होती आणि त्या खाली पाहत देठ तोडत होत्या, कट, कट, कट. अंगठ्याच्या त्या चालीला पन्नास वर्षांत काही झालं नव्हतं. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली. दोन्ही हात मिरचीचे होते, तेव्हा त्यांनी उजवं कोपर उचललं आणि ते हलवून मला निरोप दिला. टॅक्सी वळेपर्यंत कोपर हलत होतं, आणि डाव्या हाताची बोटं सुपात चालूच होती.